घडत्या मूर्तीचे भक्त

जपानी 'आयडॉल' गायिकांची एखादी चित्रफीत पहिल्यांदाच पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. एकसारख्या गणवेशातल्या पंधरा-वीस मुली, हसरे चेहरे, सोपी चाल आणि भराभर बदलणारी दृश्ये. आवाज म्हणावेत तर सर्वसाधारण. नृत्यातही एखादीचे पाऊल किंचित मागे पडलेले. यांच्यापेक्षा सरस गाणाऱ्या गायिका जपानात कितीतरी आहेत. मग हजारो माणसे याच मुलींसाठी जीव का टाकतात?

'आयडॉल' म्हणजे मूर्ती. जपानात हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो सिल्व्ही वार्तां या गायिकेच्या फ्रेंच चित्रपटामुळे. १९६४ साली तो तेथे 'आयडॉलला शोधा' अशा अर्थाच्या नावाने दाखवला गेला. पण या मूर्ती खऱ्या अर्थाने घडू लागल्या त्या दूरचित्रवाणीवर. १९७१ साली 'स्टार तान्ज्यो', म्हणजे 'ताऱ्याचा जन्म', हा स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळकरी मुले-मुली गात, आणि संगीत कंपन्यांचे प्रतिनिधी आपापले फलक उंचावून पसंती कळवीत. गाणारी मुलगी अजून तयार झालेली नाही, हे प्रेक्षकांना दिसत असे; किंबहुना तेच पाहण्यासारखे होते. या कार्यक्रमातून आलेल्या मोमोए यामागुचीची पहिली तबकडी १९७३ साली निघाली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढची सात वर्षे देशाने तिला घरबसल्या मोठी होताना पाहिले. ऑक्टोबर १९८० मध्ये, विवाहापूर्वी, तोक्योच्या बुदोकान सभागृहात अखेरचे गाणे संपताच तिने हातातला पांढरा ध्वनिक्षेपक रंगमंचावर ठेवला आणि ती निघून गेली. पुन्हा ती गायला परतली नाही.

दूरचित्रवाणीवरची मूर्ती काचेआड होती. ती काच काढून टाकली गीतकार यासुशी आकिमोतो यांनी. डिसेंबर २००५ मध्ये तोक्योच्या आकिहाबारा भागात, अडीचशे आसनांच्या एका लहानशा नाट्यगृहात, त्यांनी 'एकेबी४८' हा मुलींचा संघ उभा केला. 'भेटता येणाऱ्या आयडॉल' हे त्याचे ब्रीद. पहिल्या प्रयोगाला तिकीट काढून आलेले प्रेक्षक अवघे सात होते, असे सांगतात. पुढे याच संघाच्या एकेका तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपू लागल्या. तबकडीसोबत हस्तांदोलनाच्या कार्यक्रमाचे तिकीट मिळे. २००९ ते २०१८ या काळात दरवर्षी सदस्यांची 'निवडणूक'ही होई. मतपत्रिका तबकडीच्या वेष्टनात असे. त्यामुळे एकेक चाहता एकाच गाण्याच्या डझनावारी तबकड्या विकत घेई.

चाहता आपल्या आवडत्या मुलीला 'ओशी' म्हणतो. मूळ क्रियापदाचा अर्थ ढकलणे, पुढे सारणे. 'मला ती आवडते' एवढ्यावर तो थांबत नाही. 'मी तिला पुढे आणतो' असे तो म्हणत असतो. हे ध्यानात आले की चित्रफीत निराळी दिसू लागते. परक्याला जेथे वीस सारखे चेहरे दिसतात, तेथे चाहत्याला आपली ओशी तिसऱ्या रांगेतून दुसऱ्या रांगेत आलेली दिसते. या वेळी तिला किती क्षण मिळाले, ते तो मोजतो. तिचे चुकलेले पाऊल त्याला खटकत नाही. पुढच्या वेळी ते सुधारेल, याची तो वाट पाहतो. २०१३ सालच्या 'कोइसुरु फॉर्च्यून कुकी' या गाण्यात मधोमध कोणी उभे राहायचे, हेसुद्धा मतदानाने ठरले होते. त्यातले नृत्य इतके सोपे की कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांनी आणि कानागावासारख्या प्रांताच्या प्रशासनानेही ते करून आपापल्या चित्रफिती काढल्या.

या ओढीला हसणे सोपे आहे. पण रिन उसामी या तरुण लेखिकेच्या ज्या कादंबरीला २०२१ साली जपानचे मानाचे आकुतागावा पारितोषिक जाहीर झाले, तिची नायिका अशीच एक चाहती आहे. घरात आणि शाळेत कुठेच न जमणाऱ्या त्या मुलीला ओशीमुळे जगण्याला आधार सापडतो. एकाकी माणसाला आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांसमोर दिसणे, ही लहान गोष्ट नव्हे.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. येथे मात्र दगडाच्या जागी जिवंत मुलगी आहे, आणि टाकी हजारो हातांत आहे. जी आपण घडवली ती आपलीच, असे वाटायला कितीसा वेळ लागतो? म्हणून अनेक संघांत प्रेम करण्यावर बंदी असते. जानेवारी २०१३ मध्ये एकेबी४८ मधील वीस वर्षांच्या मिनामी मिनेगिशीने एका तरुणाच्या घरी रात्र घालवल्याची बातमी छापून आली. त्यानंतर तिची एक चित्रफीत प्रसिद्ध झाली: मुंडण केलेली ती रडत रडत क्षमा मागत होती. मे २०१४ मध्ये हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने करवतीने हल्ला करून दोन सदस्यांना जखमी केले. न्यायालयेही या प्रश्नावर एकमताची नव्हती. तोक्योच्या न्यायालयाने २०१५ साली बंदी मोडणाऱ्या एका मुलीला नुकसानभरपाई द्यायला लावली. तर २०१६ साली तेथीलच दुसऱ्या एका निकालाने अशी बंदी अतिरेकी ठरवली.

म्हणजे ज्या अपुरेपणामुळे चाहत्याला प्रेम करायला जागा मिळते, त्याच अपुरेपणात त्याच्या मालकीहक्काचे बीज असते. व्यवसाय त्याला रोज खतपाणी घालतो, कारण तबकड्या त्यावरच खपतात.

मुलगी संघ सोडते, तेव्हा त्याला 'सोत्सुग्यो' म्हणतात. शाळा-महाविद्यालयाचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडण्यालाही जपानीत हाच शब्द आहे. आपल्या महाविद्यालयातूनही दरवर्षी कितीतरी जण घडून बाहेर पडतात. त्यांना घडवणारे प्राध्यापक निरोप समारंभात शुभेच्छा देतात आणि नव्या वर्गाकडे वळतात. आपण घडवलेल्यांवर हक्क सांगत नाहीत. आयडॉलच्या चाहत्यालाही तिच्या सोत्सुग्योच्या दिवशी एवढे साधले, तर त्याची भक्ती खरी म्हणायची.