लॉगचं समीकरण: उपरं उत्तर आणि हरवलेलं उत्तर

मागच्या वेळी आपण नैसर्गिक लॉग म्हणजे काय ते पाहिलं. 'ई' ही संख्या साधारण २.७१८. तिचा कितवा घात केला की आपली संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा नैसर्गिक लॉग. आता, ई चा कोणताही घात घ्या, तो शून्य किंवा ऋण होत नाही. म्हणून लॉग असतो तो फक्त धन संख्येला. आजचं सगळं या एका अटीवर उभं आहे.

समीकरण घेऊ या:

लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = लॉग १०

लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग. म्हणून क्ष(क्ष − ३) = १०, म्हणजेच क्ष² − ३क्ष − १० = ०. अवयव पाडले की (क्ष − ५)(क्ष + २) = ०. उत्तरं दोन, ५ आणि −२. पडताळा घेऊ. ५ घातले तर लॉग ५ + लॉग २ = लॉग १०. जुळलं! −२ घातले तर पहिलंच पद अडतं. ऋण संख्येला लॉग कुठला?

गंमत अशी, की आपली एकही पायरी चुकलेली नाही. मग −२ आले कुठून? प्रत्येक पायरी एवढंच सांगते, 'वरचं खरं असेल तर खालचं खरं'. उलट दिशेची हमी ती देत नाही. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊस पडलाच असं नाही, कुणी सडा घातला असेल.

आता दुसरी फसगत. लॉग (क्ष²) = ४. आपण सवयीनं २ लॉग क्ष = ४ लिहितो, आणि क्ष = ई² म्हणून मोकळे होतो. पण −ई² चा वर्गही ई⁴ च! तेही उत्तर होतं, ते आपण हरवलं. लॉग (क्ष²) ला क्ष शून्य नसला की पुरे; लॉग क्ष ला तो धनच लागतो. नकळत आपण अट कडक केली.

इथं पडताळा उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घ्या. हाती आलेलं उत्तर तो तपासतो. सुटलेलं त्याला दिसणार कसं? म्हणून आधी अट लिहायची, प्रत्येक पायरीला ती बदलली का ते बघायचं, आणि शेवटी पडताळा. समीकरण सोडवणं म्हणजे उत्तर काढणं एवढंच नव्हे. ही उत्तरं खरी आहेत आणि याखेरीज दुसरं नाही, हे दोन्ही दाखवणं.