घाटपायथ्याहून समुद्राकडे

वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. पश्चिमेस समुद्र आहे ही वार्ता येथे ज्येष्ठातले ढग आणतात तेवढीच, तरीही या मुलखाचा समुद्राशी असलेला संबंध मुंबई शहराहून कितीतरी पुरातन आहे. सातवाहनांच्या काळी जुन्नरकडील माल याच घाटाने उतरून कल्याण व शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, या बंदरांकडे जात असे, आणि माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. ज्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी घाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखाचा अभ्यास केला, त्यांनीच १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला, हा योगायोग मला मोठा सूचक वाटतो.

आजचा वाटसरू एसटीने कल्याण व तेथून लोकलने दादर गाठतो, आणि राजधानीचे किनारे त्याच्यापुढे खुले होतात. चर्नी रोडला उतरताच गिरगावची चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांच्या देहाला येथेच अग्नी दिला गेला, हे भेळेच्या गर्दीत कोणाच्या ध्यानी येत असेल, न कळे. जुहू हे एके काळी बेट होते आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीचे टपाल घेऊन तेथील धावपट्टीवर उतरले. आता मात्र वाळूपेक्षा माणसेच अधिक दिसतात. अक्साचा किनारा देखणा खरा, परंतु तेथील वाळूत खड्डे पडतात व प्रवाह माणसाला आत ओढतो, सबब नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या आमच्या पोरांना मी तेथे उतरण्याची साफ मनाई करतो.

माझा कौल अर्नाळ्याला. विरारहून बसने थोड्याच वेळात सुरूच्या झाडांची सावली लागते, समोरच्या बेटावर १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला जलदुर्ग दिसतो, आणि नावेने पलीकडे गेल्यास किल्ल्याच्या आश्रयाने राहणारी कोळ्यांची वस्तीही पाहावयास मिळते. जाण्यापूर्वी तिथी मात्र पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाणी फार चढते व तितकेच दूर ओसरते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्यामुळे समुद्र त्या मानाने सौम्य असतो. हा हिशेब कोळ्याच्या लहान मुलालाही तोंडपाठ असतो. आम्हां डोंगरकडच्यांना चंद्र केवळ चतुर्थीपुरता ठाऊक.

परतताना वाळवलेले बोंबील व सुकट घेतल्याविना पाय निघत नाही, कारण पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या दिवसांत तीच कोरड्यास म्हणून उपयोगी पडते. कल्याणच्या स्थानकात मुरबाडकडची गाडी लागते, पिशवीच्या वासाने शेजारचा प्रवासी प्रथम थोडा सरकून बसतो, आणि मुरबाड येण्याच्या आत हळूच विचारतो, "कितीला घेतलीत?"