धुऱ्यावरचा रायवळ

1 मे 2024 रोजी हिंगोली जिल्ह्याला पंचवीस वर्षे झाली. या पंचविशीत वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झाले, तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्याच्या केसर आंब्याला ते आधीच मिळाले होते. धुऱ्यावरच्या रायवळ आंब्याच्या वाट्याला कुऱ्हाड आली. दुष्काळाकडे बोट दाखवणे सोयीचे आहे, पण 1972 मध्ये तगलेली झाडे पुढे बऱ्या पावसाच्या वर्षांतही आडवी झाली. त्यांचा घात झाला तो आपल्या मोजमापाने.

पूर्णेवरची धरणे आणि संकरित ज्वारी यांची वर्षे इथे ओलांडून जायला हरकत नाही. तोवर पीक पट्टीत होते, झाड धुऱ्यावर. खरी उलथापालथ नव्वदच्या दशकातली, हिंगोली परभणीत असतानाची. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. योजना चांगलीच होती, पण तिचे गणित दहा बाय दहा मीटरवर खड्डा, हेक्टरी शंभर कलमे असे. धुऱ्यावरचे एकटे झाड त्यात कुठेच बसत नव्हते. दुसरीकडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा होता. म्हणजे तो सरकारला दिसे तो तोडायच्या वेळी, आणि विनापरवाना तोडीचा दंड फार तर हजार रुपये. एका खात्याला फळ दिसले, दुसऱ्याला लाकूड. रायवळ तर दोन्ही होता: दोन-तीन पिढ्या फळ, शेवटी फळ्या. सागाची सर त्या लाकडाला नाही, भुंगा लवकर लागतो. पण खोकी, पाट आणि स्लॅबच्या सेंट्रिंगला ते चालले, आणि स्लॅबची घरे वाढली ती याच काळात. मग सोयाबीन आणि ट्रॅक्टर आले. वाटणीत जमीन तुटली, झाड मात्र सामाईक राहिले, आणि भावकीतला तंटा मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे ते विकणे.

शेतकऱ्याची बाजू खोटी नाही. सावलीखालचे तास खुरटतात, रायवळ एक वर्षाआड धरतो, कोयीपासून फळाला आठ-दहा वर्षे लागतात; केसर चौथ्या-पाचव्या वर्षी पैसे देतो. दोन एकरवाल्याला हे थांबणे परवडत नाही. पण हा युक्तिवाद नवी बाग कशाची लावावी हे सांगतो, उभे झाड का पाडावे हे नाही. शिवाय जुनागडहून आलेल्या केसरचे कलम बांधतात तेही रायवळाच्याच कोयीवर. आणि कोयीतून उगवलेले प्रत्येक झाड स्वतंत्र वाण असते: शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या ही नावे त्या त्या झाडाची. झाड गेले की वाण गेले. बाजारात ते चालत नाही म्हणणाऱ्यांनी लोणच्याची कैरी आणि चोखायचा आंबा कुठून येत होता, तेही सांगावे.

आता उपाय म्हणून काय सुचते? 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला. ऑगस्ट 2024 मध्ये दंड पन्नास हजारांवर न्यायचे ठरले. एवढ्या दंडाची टांगती तलवार दिसली तर शहाणा माणूस धुऱ्यावर उगवलेले रोप कोवळेपणीच उपटेल. रोजगार हमीतून बांधावर फळझाडे लावता येतात ही सुधारणा खरी, पण उशिरा आलेली. हरित लवादाच्या तगाद्यामुळे 2020 च्या सुमारास गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. तिथे नुसते ‘आंबा’ लिहून भागत नाही. कोणत्या गट नंबरात, कोणत्या चवीचा, हेही हवे. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या शिवारांत उरलेल्या जुन्या झाडांची काडी पावसाळ्यात कोवळ्या कोयीवर बांधायला नव्या केंद्राची इमारत लागत नाही. कलम बांधणारे हात रोपवाटिकांत आहेतच. त्यांना केसरखेरीज दुसरी काडी कोणी आणून देत नाही.