कोलकात्याच्या पानातले परदेशी पाहुणे

कोलकात्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकाची यादी बहुधा ठरलेली असते. व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि परतीच्या सामानात रसगुल्ल्याचे डबे. खाण्याची यादीही मासे आणि मिठाई येथेच संपते. ती चुकीची नाही. परंतु या शहराच्या पोटात आणखी चार-पाच शहरे दडलेली आहेत, याचा पत्ता तिच्यावरून लागत नाही.

ब्रिटिश अमदानीत राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा १९११ साली झाली. तोपर्यंत कोलकाता हे सत्तेचे केंद्र आणि मोठे बंदर होते. व्यापारासाठी, पोटासाठी किंवा आश्रयासाठी चिनी, बगदादी ज्यू, आर्मेनियन, पारशी असे अनेक समाज येथे आले. गोऱ्यांची वस्ती आणि बंगाल्यांची वस्ती यांच्यामधल्या पट्ट्यात त्यांनी घरे केली. आजही लालबाजार परिसरात थोड्याशा पायपिटीत चिनी मंदिरे, ज्यूंची सिनेगॉग, आर्मेनियन चर्च, पारशी अग्यारी आणि नाखोदा मशीद पाहता येते. वेगळ्या चवी शोधणाऱ्याने मोठ्या हॉटेलांऐवजी याच पट्ट्यापासून सुरुवात करावी.

पहाटेची न्याहारी

या भटकंतीचा पहिला टप्पा भल्या पहाटे गाठावा लागतो. लालबाजारनजीकच्या टिरेटा बाजारात, पोद्दार कोर्टाच्या मागे, उजाडता उजाडता पदपथावर वाफाळती भांडी मांडली जातात. माशांच्या गोळ्यांचे सूप, डुकराच्या मांसाचे सारण भरलेले वाफवलेले पाव, शुमाई, मोमो आणि चिनी सॉसेज असा सारा थाट असतो. रविवारी गर्दी अधिक असते. ऑफिसांची वर्दळ सुरू होण्याच्या सुमारास सारे आवरलेले असते.

या बाजाराचे नाव एडवर्ड टिरेटा या इटालियन गृहस्थावरून पडले. चिनी मंडळींचे आगमनही त्याच सुमाराचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग आच्यू नावाच्या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखर कारखाना काढला. ते गाव आजही अचिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कँटनकडून आलेले लोक सुतारकामात, हुबेई प्रांतातील दंतवैद्यकात आणि हक्का समाजातील लोक चामड्याच्या धंद्यात स्थिरावले.

१९६२ च्या युद्धाने या वस्तीचा कणा मोडला. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या नागरिकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातलाच होता. सुटून परतल्यावर काहींच्या हाती घर उरले नव्हते, काहींच्या हाती धंदा. त्यानंतरच्या दशकांत असंख्य कुटुंबांनी कॅनडाची वाट धरली. त्यामुळे टिरेटा बाजारात आज चिनी विक्रेते मोजकेच दिसतात. त्यांच्या शेजारी इतर समाजांचे विक्रेतेही तेच पदार्थ विकताना आढळतात.

टँग्र्याचे नूडल्स

शहराच्या पूर्वेकडील टँग्रा ही दुसरी चिनी वस्ती. चामडे कमावण्याचे काम सवर्ण समाज अपवित्र मानत असे. ते हक्का समाजाने अंगावर घेतले आणि त्यात जम बसविला. मात्र प्रदूषणाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे कारखाने हलविण्याचा आदेश दिला आणि त्यांच्यासाठी बानतला येथे स्वतंत्र वसाहत उभी राहिली. टँग्र्यातील कुटुंबांपुढे उपाहारगृहे हा पर्याय होता. काहींनी तो आधीच अवलंबिला होता; नंतर तीच वस्तीची मुख्य ओळख झाली.

येथे मिळणारे चिली चिकन किंवा हक्का नूडल्स चीनमधल्या घरी शिजत असतील, अशा समजुतीने जाऊ नये. सोया सॉसला हिरव्या मिरचीची आणि आले-लसणाची जोड देऊन भारतीय जिभेसाठी घडविलेली ही पाककला आहे. तिचे मुंबईशीही नाते आहे. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर हमखास मिळणाऱ्या मंचुरियनचे श्रेय नेल्सन वाँग यांना दिले जाते. कोलकात्यात जन्मलेल्या वाँग यांनी तो पदार्थ सत्तरच्या दशकात मुंबईत तयार केला, असे सांगितले जाते. टँग्र्यातच एक चिनी कालीमंदिरही आहे. तेथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखविला जातो आणि तोच प्रसाद म्हणून वाटला जातो.

नाहूमचा केक

न्यू मार्केटमधील नाहूम आणि सन्स ही बेकरी एका बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ साली सुरू केली. मुंबई-पुण्याला परिचित असलेले ससून घराणे याच समाजातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात काही हजार ज्यू होते. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बहुतेक इस्राएल, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे गेले आणि आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तरीही नाताळात प्लम केकसाठी या दुकानासमोर लांबच लांब रांग लागते. केक ज्यूंच्या दुकानातला, सण ख्रिश्चनांचा आणि रांगेत बहुसंख्य हिंदू-मुसलमान! १८८४ साली बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगची देखभालही वर्षानुवर्षे मुस्लिम सेवक करीत आले आहेत. केकबरोबर येथील चीज सामोसाही चाखण्याजोगा. याच बाजारात बंडेल चीजच्या छोट्या खारट चकत्या मिळतात. हुगळीकाठी पोर्तुगीजांची वसाहत असलेल्या बंडेलची ती आठवण आहे.

नबाबाचा बटाटा

ब्रिटिशांनी १८५६ साली अवध खालसा केले आणि नबाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला. गावाबाहेरच्या मटियाबुर्जमध्ये त्याने लखनौची छोटी प्रतिकृतीच वसविली. १८८७ साली तो तेथेच निवर्तला. त्याच्या आचाऱ्यांची बिर्याणी मात्र शहरात रुजली. या बिर्याणीत बटाटा असतोच असतो. हात आखडल्यामुळे नबाबाने मांसात बटाट्याची भर घातली, अशी लोकप्रिय कथा आहे. परंतु त्याला वर्षाला १२ लाख रुपये तनखा मिळत असे. त्यामुळे त्या काळी नवलाईचा असलेला बटाटा कौतुकाने घातला गेला, हे दुसरे मतही विचारात घ्यावे लागते. कथा कोणतीही खरी असो, बटाट्यावाचून वाढलेली बिर्याणी कोलकातेकर परत पाठवितो.

जाण्यापूर्वी

हे सारे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. टिरेटा बाजारासाठी रविवारची पहाट आणि न्यू मार्केटसाठी कामाचा वार ठेवावा. टिरेटासाठी सेंट्रल आणि न्यू मार्केटसाठी एस्प्लनेड ही मेट्रो स्थानके सोयीची आहेत. कोणते मांस आहे, हे विकत घेण्यापूर्वी निःसंकोच विचारावे. कोणी वावगे मानीत नाही. पहाटेच्या बाजारात शाकाहारी मंडळींना फारसे काही मिळणार नाही. टँग्र्यात मात्र त्यांची सोय होते.

या पदार्थांपैकी जवळपास प्रत्येकामागे कोणाचे तरी घर सुटल्याची कहाणी आहे. नबाबाचे राज्य गेले, चिन्यांची वस्ती विस्कटली, ज्यू निघून गेले. पदार्थ मागे राहिले ते नव्या हातांनी उचलून धरले म्हणून. टिरेटा बाजारात वृद्ध चिनी विक्रेती भेटलीच, तर छायाचित्र काढून पुढे सरकण्यापेक्षा तिच्याकडून वाटीभर सूप विकत घ्यावे आणि ते कसे करतात हे विचारावे. तिच्यामागे ही चूल कोण पेटविणार, याचे उत्तर अजून कोणाकडेच नाही.