खोडदच्या जाळीत परग्रह

परग्रहावर जीवसृष्टी शोधायची तर आधी तिथली हवा तपासावी लागते. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून येतो. त्यातले कोणते रंग वाटेत शोषले गेले, यावरून तिथले वायू कळतात. सुमारे सव्वाशे प्रकाशवर्षं दूर असलेल्या, नेपच्यूनच्या आकाराच्या ‘हॅट-पी-११बी’वर २०१४ साली अशीच पाण्याची वाफ सापडली. त्याआधी या ग्रहाचा वेध आपल्या पुणे जिल्ह्यातूनही घेतला गेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’च्या आकारात दूरवर पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलं की तबकडी पत्र्याची नाही, हे लक्षात येतं. पोलादी दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणून बसवली आहे. रेडिओलहरी इतक्या लांब असतात की जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे वजन घटलं, खर्चही घटला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला आपल्या अभियांत्रिकीतली फार मोठी झेप वाटते.

पण रेडिओलहरींचा हवेशी संबंध काय? ग्रहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ताऱ्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या माऱ्याला वळवतं, म्हणजे हवेभोवती कवच बनतं, आणि त्या क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. गुरूच्या अशा लहरी १९५५ सालीच पकडल्या गेल्या होत्या. परग्रहाच्या सापडल्या, तर त्याच्या हवेभोवतीच्या कवचाचं मोजमाप हाती येईल.

फ्रेंच शास्त्रज्ञांनी पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या सहकाऱ्यांसह २००९ साली जीएमआरटीतून १५० मेगाहर्ट्झवर ‘हॅट-पी-११बी’चा वेध घेतला. ग्रहाच्या दिशेने क्षीण संकेत आला आणि ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा नाहीसा झाला! तो ग्रहाचाच असेल, तर तिथलं क्षेत्र सुमारे ५० गाऊस ठरतं. पृथ्वीचं अर्ध्या गाऊसच्या आसपास आहे. २०१० साली पुन्हा पाहिलं, तेव्हा काहीच मिळालं नाही. त्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात दोन्ही निरीक्षणं मांडली आणि शक्यतेला शोध म्हटलं नाही. या प्रामाणिकपणाचं मोल मला संकेताहून अधिक वाटतं.

कर्वेनगरच्या महिला अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलींनो, अँटेना आणि रिसीव्हर हे तुमचेच विषय आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. एकदा जाऊन ती जाळी जवळून बघाच.