आठवण पुसत नाही, वाट अडते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या पहाटे कोण कोठे निजले होते, कोणी कोणास हाक मारली, हे त्या भागातील वडीलधारी मंडळी आजही सांगतात. उलट, नांदेड-लातूरच्या परीक्षा केंद्रावरून परतलेला विद्यार्थी आम्हांस सांगतो, "सर, रात्री सारे पाठ होते, प्रश्नपत्रिका हाती आली आणि काहीच आठवेना." भीती एका ठिकाणी आठवण कोरते आणि दुसऱ्या ठिकाणी हिरावते, हे कसे?

ताण येताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी प्रथम अ‍ॅड्रेनॅलिन व काही मिनिटांनी कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. प्रसंग घडत असताना त्यांच्या प्रभावाने मेंदूतील अमिग्डला हे भावनांशी निगडित केंद्र सजग होते व हिप्पोकॅम्पसमध्ये होणारी स्मृतीची नोंद पक्की होते. परंतु साठवलेले परत आठवण्याच्या वेळी तेच कॉर्टिसॉल आड येते. झुरिच येथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना काही शब्द शिकवले. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या तासभर आधी त्यांना कॉर्टिसोन दिले. त्याचे शरीरात कॉर्टिसॉल होते. तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. तेच औषध शिकण्यापूर्वी किंवा शिकल्यावर लगेच दिले, तेव्हा असे घडले नाही. म्हणजे दोष शिकण्यात नव्हता. आठवण्याची वाट तेवढी अडली होती.

आमच्या वसतिगृहातील अनेक मुले घरातील शिकणारी पहिलीच पिढी आहेत. साऱ्या घराची आशा त्यांच्या एका निकालावर असते. तो बिघडला की "याच्या डोक्यात काही राहत नाही" असा शिक्का बसतो. आम्ही शिक्षकांनीही तो मारला आहे, हे कबूल केले पाहिजे. ज्या समाजाच्या बुद्धीचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी केला, त्याने आपल्या लेकरांचा निवाडा तीन तासांवरून करू नये.

उपाय साधा आहे. २०१६ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून स्वतः आठवण्याचा सराव करणाऱ्यांची स्मृती ताणातही टिकल्याचे दिसले. म्हणून मुलांनी रोज पुस्तक मिटून आठवून लिहावे आणि पुरेशी झोप घ्यावी. पालकांनी परीक्षेच्या सकाळी टक्केवारीची आठवण देऊ नये, "जेवलास का, बाळा?" एवढेच विचारावे.