चेक भरला, म्हणजे पैसे आले का?

मैत्रिणींनो, उदगीरच्या मोंढ्यात तूर घातली, आडत्याने चेक दिला, तुम्ही तो आपल्या बँकेत भरला. झालं? छे! पैसे अजून आडत्याच्याच खात्यात आहेत. पूर्वी तो कागद स्वतः प्रवास करी. परगावचा असला तर आठवडासुद्धा लागे. 2008 साली दिल्लीत नवी पद्धत सुरू झाली, पुढे ती सगळीकडे आली. तिच्यात कागद तुमच्याच बँकेत राहतो, पुढे जातं ते त्याचं चित्र. शेजारणी वाटीभर साखर, पीठ देतात-घेतात आणि शेवटी उरलेलं तेवढंच फेडतात ना? बँकांचंही तसंच. फरकाची रक्कम तेवढी रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांत इकडची तिकडे होते.

4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर पाठवले जातात, नि समोरच्या बँकेला त्याच दिवशी हो-नाही कळवावं लागतं. घेणारीची सोय झाली खरी, पण देणारीचं काय? "आज चेक देऊ, परवा पैसे भरू" ही आपली जुनी सवय आता अंगाशी येते बरं का! चेक परतला की बँक पैसे कापते, शिवाय चारचौघांत शोभा. तेव्हा शाळेच्या फीचा चेक देण्याआधी पासबुक भरून आणा. रकमेत खाडाखोड झाली तर सरळ दुसरा चेक लिहा. आणि आडत्याचा चेक साड्यांच्या घडीत ठेवून विसरू नका. तारखेपासून तीन महिन्यांनी तो नुसता कागद उरतो.